नावापुढची तीन अक्षरं

फेब्रुवारी २०२०. स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरचं कार्ताहेना. लाल मातीच्या कोर्टवर पहिला सेट ०–६ गेला, दुसरा ३–६. जिंकणारी सारा सोरिबेस तोर्मो जागतिक क्रमवारीत सत्तरीच्या पलीकडची होती. हरणारी होती नाओमी ओसाका. दोन ग्रँड स्लॅम जिंकलेली, वर्षभरापूर्वी जगात पहिल्या क्रमांकावर बसलेली. लाल माती तिला कधीच फारशी मानवली नाही, आणि त्या दिवशी तर खेळता खेळताच तिचे डोळे भरून आले.

मुळात ती तिथे गेलीच का? ही तिच्या नेहमीच्या दौऱ्यातली स्पर्धा नव्हती. फेड कपची, म्हणजे देशांच्या संघांमधली लढत होती. टोकियो ऑलिंपिक त्याच वर्षी व्हायचं होतं, आणि टेनिसमध्ये ऑलिंपिकला पात्र व्हायचं तर आधी सांघिक स्पर्धेत आपल्या देशासाठी ठरावीक वेळा उपलब्ध राहावं लागतं. तिच्या नावापुढे जपानची तीन अक्षरं होती. जपानमधल्या ऑलिंपिकमध्ये जपानकडून खेळायचं, तर स्पेनच्या मातीत ही परीक्षा देणं भाग होतं.

टेनिस हा एकट्याने खेळायचा खेळ. सामना चालू असताना वर्षातले बहुतेक दिवस प्रशिक्षकालासुद्धा कोर्टवर पाय ठेवता येत नाही. बक्षिसाचा धनादेश खेळाडूच्या नावाने निघतो, संघटनेच्या नाही. प्रवासाचा, फिजिओचा, सरावाच्या जोडीदाराचा खर्चही खेळाडूच करतो. तरीही गुणफलकावर प्रत्येक नावाशेजारी एक छोटा झेंडा असतो आणि तीन अक्षरं असतात. ती तिथे कशी येतात, हे आपण टीव्हीवर सामने पाहताना विचारत नाही. ओसाकाच्या कारकिर्दीत मात्र हा प्रश्न कुणी ना कुणी सतत विचारत राहिलं. कधी कायद्याने विचारला, कधी प्रेक्षकांनी, कधी जाहिरातदारांनी. तिची गोष्ट सांगायची ती म्हणूनच. दोन देशांचं नागरिकत्व घेऊन वाढलेल्या खेळाडूचं आयुष्य आतून कसं असतं, ते इतकं उघडपणे दुसऱ्या कुणाच्या कारकिर्दीत क्वचितच दिसलं असेल.

आधी नियमांचं बघू, कारण त्यातला घोळ समजला नाही तर पुढचं कळत नाही. व्यावसायिक दौऱ्यावर, म्हणजे आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या नेहमीच्या स्पर्धांमध्ये, राष्ट्रीयत्व ही बहुतांशी नोंदीची बाब असते. दोन देशांचं नागरिकत्व असेल तर त्यातला एक देश खेळाडू सांगतो आणि तो नावापुढे लागतो. डेव्हिस चषक आणि फेड कप (आता बिली जीन किंग कप) इथे नियम कडक आहेत. त्या देशाचं नागरिकत्व आणि पासपोर्ट हवाच, आणि एकदा एका देशाकडून खेळलात की दुसऱ्याकडून खेळता येत नाही. स्लोव्हेनियाकडून डेव्हिस चषक खेळलेला अल्याझ बेडेने इंग्लंडमध्ये राहत होता, २०१५ मध्ये ब्रिटिश नागरिक झाला, गुणफलकावर ब्रिटिश म्हणून झळकलाही. पण ब्रिटनच्या डेव्हिस चषक संघाचं दार त्याला उघडलं नाही. अपील फेटाळलं गेलं, आणि शेवटी तो पुन्हा स्लोव्हेनियाच्या नावाने खेळू लागला. ऑलिंपिकचं गणित तिसरंच. दुहेरी नागरिकत्व असलेला खेळाडू देश निवडू शकतो, पण एकदा खेळल्यावर देश बदलायचा तर साधारण तीन वर्षं थांबावं लागतं.

म्हणजे एकाच खेळाडूच्या बाबतीत ‘तू कुठली?’ या प्रश्नाला तीन दफ्तरांतून तीन उत्तरं निघू शकतात. चौथं दफ्तर सरकारचं. ते सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत हट्टी.

नाओमीचा जन्म १६ ऑक्टोबर १९९७ चा, ओसाका शहरातला. आई तामाकी जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटावरची, तिथल्याही अगदी पूर्व काठाच्या नेमुरो या मासेमारीच्या गावची. वडील लेओनार फ्रांस्वा मूळचे हैतीतल्या जाकमेलचे, न्यूयॉर्कमध्ये शिकलेले. दोघांची गाठ होक्काइदोतल्या साप्पोरो शहरात पडली. तामाकीच्या घरच्यांनी तिच्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात केली तेव्हा हे प्रेमप्रकरण बाहेर आलं, आणि वडिलांचा संताप एवढा अनावर झाला की घराण्याला काळिमा फासला म्हणून त्यांनी लेकीशी संबंध तोडले. दहा वर्षांहून अधिक काळ माहेरचं दार बंद होतं. ही हकिकत मराठी घरांत कुणाला परकी वाटणार नाही. ती दोघं दक्षिणेकडे ओसाकाला निघून गेली आणि तिथे मारी आणि नाओमी या दोन मुली झाल्या.

ओसाकात जन्मलेली ओसाका म्हणजे आपल्याकडे साताऱ्यात जन्मलेल्या मुलीचं आडनाव सातारकर असावं तसं वाटतं. पण हा निव्वळ योगायोग आहे. आडनाव आईचं आहे, होक्काइदोकडचं. शहर आणि आडनाव यांचा उच्चार एकच असला तरी लिहिताना दुसरं चित्राक्षर वेगळं पडतं.

आईचं आडनाव लावण्यामागे मोठी व्यावहारिक बाजू होती. जपानमध्ये प्रत्येक नागरिकाची नोंद ‘कोसेकी’ नावाच्या कुटुंबपत्रकात असते. आपल्या शिधापत्रिकेपेक्षा कितीतरी भारदस्त अशी ही वंशावळीची सरकारी वही. तिच्यात जपानी नागरिकच सदस्य म्हणून बसतात. परदेशी जोडीदाराचा उल्लेख शेऱ्यापुरता येतो. त्यामुळे परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या जपानी बाईची मुलं आईच्या पत्रकात, आईच्या आडनावाने लागतात. शाळेत नाव घालताना, घर भाड्याने घेताना जपानी आडनाव सोपं जातं हेही आईवडिलांना ठाऊक होतं.

पण त्याआधी एक गोष्ट घडून गेलेली होती, आणि मला ती या सगळ्या कहाणीतली सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जपानमध्ये नागरिकत्व जन्मस्थळावरून मिळत नाही, रक्तावरून मिळतं. १९८४ पर्यंत हे रक्त फक्त बापाचं मोजलं जाई. जपानी आई आणि परदेशी बाप असलेलं मूल जपानच्या भूमीवर जन्मलं तरी जपानी ठरत नसे. आईचं नाव, आईची भाषा, आईच्या गावचं पाणी, सगळं असूनही नाही. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर शिक्कामोर्तब करायचं म्हणून जपानने नागरिकत्वाचा कायदा सुधारला, आणि १ जानेवारी १९८५ पासून आईकडूनही नागरिकत्व मिळू लागलं. नाओमी जन्मली त्याच्या पुढे बारा वर्षांनी. पंधरा वर्षं आधी जन्मली असती तर जपानची एकेरीतली पहिली ग्रँड स्लॅम विजेती जन्माने जपानी ठरली नसती.

ती तीन वर्षांची असताना कुटुंब अमेरिकेला गेलं, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, वडिलांच्या आईवडिलांच्या घरी. घरात हैतीची क्रेओल, आईच्या तोंडी जपानी, रस्त्यावर इंग्रजी. १९९९ ची फ्रेंच ओपन वडिलांनी टीव्हीवर पाहिली होती. व्हीनस आणि सेरेना या विल्यम्स भगिनींनी तेव्हा दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. त्यांचे वडील रिचर्ड विल्यम्स स्वतः टेनिसपटू नव्हते, पण त्यांनी मुलींसाठी एक आराखडा आखला होता. लेओनारनेही टेनिस कधी धडपणे खेळलेलं नव्हतं. त्याने पुस्तकं वाचली, चित्रफिती पाहिल्या, आणि दोन्ही मुलींना सार्वजनिक कोर्टवर नेऊन चेंडूमागून चेंडू मारायला लावले. २००६ मध्ये कुटुंब फ्लोरिडाला हललं. दिवसा टेनिस, रात्री घरच्या घरी शाळा. घर आईच्या नोकरीवर चाललं. मारी दीड वर्षाने मोठी आणि लहानपणी कितीतरी सरस. नाओमी वर्षानुवर्षं रोज तिच्याकडून हरायची आणि उद्या जिंकीन असं म्हणायची.

याच काळात ती तीन अक्षरं ठरली. मुली जपानकडून खेळतील, असं आईवडिलांनी लहान वयातच ठरवलं. अमेरिकेच्या टेनिस संघटनेने तोवर या दोघींकडे विशेष लक्ष दिलेलं नव्हतं. तिथे हुशार मुलींची रांग लांब असते. जपानच्या संघटनेने मात्र पाठबळ दिलं. जुलै २०१४ मध्ये, सोळा वर्षांची असताना, नाओमीने स्टॅनफर्डच्या स्पर्धेत माजी अमेरिकन ओपन विजेत्या समांथा स्टोसरला हरवलं. तेव्हा ती क्रमवारीत पहिल्या चारशेतही नव्हती. ही तिची मुख्य दौऱ्यावरच्या मुख्य फेरीतली पहिलीच लढत. त्यानंतर अमेरिकन संघटना जागी झाली, पण कुटुंबाने निर्णय बदलला नाही.

पैशासाठी जपान निवडला, असं पुढे अनेकांनी म्हटलं. जपानी कंपन्यांना जपानी तारका हवी असते हे खरं, आणि पुढे ओसाकाला त्या कंपन्यांकडून अफाट पैसा मिळाला हेही खरं. ‘फोर्ब्स’च्या हिशोबाप्रमाणे मे २०२० पर्यंतच्या बारा महिन्यांत तिची कमाई ३ कोटी ७४ लाख डॉलर होती, तोवर एका वर्षात एवढं कुठल्याच महिला खेळाडूने कमावलं नव्हतं. पण निर्णय झाला तेव्हा यातलं काही क्षितिजावरही नव्हतं. सार्वजनिक कोर्टवर खेळणाऱ्या, मोठ्या बहिणीकडून रोज हरणाऱ्या मुलीवर कुणी असला जुगार खेळत नाही. मला त्या निर्णयात आईचा हात दिसतो. ज्या घराने तिला बाहेर काढलं, त्या घराच्या देशाचं नाव तिने मुलींच्या अंगावर चढवलं.

आता आपल्याकडचं थोडं. मराठी वाचकाला दुहेरी नागरिकत्व म्हणजे नेमकं काय, याचा गोंधळ असतो, कारण आपल्या ओळखीतल्या न्यू जर्सीच्या किंवा लंडनच्या घरी ‘ओसीआय कार्ड’ असतं आणि बोलण्यात त्यालाच दुहेरी नागरिकत्व म्हटलं जातं. ते तसं नाही. राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदापासूनच आपली भूमिका ठाम आहे: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. ओसीआय कार्डावर हवं तेव्हा येता येतं, राहता येतं, नोकरी करता येते. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. खेळातही त्याचा परिणाम झाला. अमेरिकेत वाढलेले भारतीय वंशाचे काही टेनिसपटू एके काळी भारताच्या संघातून खेळत. विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश डेव्हिस चषकात खेळला होता. २००८ च्या अखेरीस केंद्र सरकारने ठरवलं की देशाचं प्रतिनिधित्व भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनीच करायचं. परदेशी पासपोर्टवाल्यांची ती वाट तिथे बंद झाली.

जपानचा कायदा आपल्यापेक्षा किंचित सैल आणि म्हणून जास्त चमत्कारिक आहे. जन्माने दोन नागरिकत्वं मिळालेल्या मुलाला तो लगेच ‘निवड’ म्हणत नाही. तो वाट पाहतो. बाविसाव्या वर्षापर्यंत (आता प्रौढत्वाचं वय खाली आल्यावर विसाव्या वर्षापर्यंत) निवड करावी, असं तो सांगतो. जपान निवडायचा असेल तर दुसरं नागरिकत्व सोडत असल्याचं जाहीर करायचं. गंमत अशी की या जाहीरनाम्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपोआप जात नाही. ते जाणं-न जाणं त्या दुसऱ्या देशाच्या कायद्यावर असतं, आणि अमेरिकेचं नागरिकत्व सोडायचं तर अमेरिकन अधिकाऱ्यासमोर बसून वेगळा विधी करावा लागतो. जपानचा कायदा फक्त म्हणतो, सोडण्याचा प्रयत्न करा. प्रयत्न केला नाही म्हणून दंड नाही. त्यामुळे कितीतरी जपानी तरुण दोन पासपोर्ट कपाटात ठेवून गुपचूप जगतात. त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

ओसाकाकडे सगळा देश बघत होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये, बावीस पूर्ण व्हायला थोडे दिवस उरले असताना, तिने जपानचं नागरिकत्व निवडण्याची प्रक्रिया सुरू केल्याची बातमी जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एनएचकेने दिली. इतरांसाठी जी बाब नगरपालिकेच्या खिडकीवरचा एक अर्ज असते, ती तिच्यासाठी जगभरची ठळक बातमी झाली. तिला अमेरिकेत गद्दार म्हणणारे निघाले. काहींनी तर यावरून तिचं कृष्णवर्णीय असणंच संपवलं. पासपोर्ट बदलला की कातडी आणि आजी-आजोबा बदलतात, असा समज असावा तसं. कार्ताहेनाची ती लढत याच्या पुढे चार महिन्यांनी झाली.

तोवर तिचं टेनिस कुठल्या कुठे गेलं होतं. उंची पाच फूट अकरा इंच, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास जाणारी सर्व्हिस, आणि असा फोरहँड की समोरची रॅकेट मागे घेईपर्यंत चेंडू निघून गेलेला असे. २०१६ च्या अमेरिकन ओपनमध्ये मॅडिसन कीजविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ५–१ अशी आघाडी घेऊन ती हरली होती. जिंकायचं कसं ते अजून यायचं होतं. मार्च २०१८ मध्ये इंडियन वेल्सला ते आलं. चव्वेचाळिसाव्या क्रमांकावरून आलेल्या या मुलीने शारापोवाला हरवलं, प्लिश्कोव्हाला हरवलं, तेव्हाच्या अव्वल सिमोना हालेपला ६–३, ६–० असं गारद केलं आणि चषक उचलला.

त्याच वर्षीची ८ सप्टेंबरची ती न्यूयॉर्कची संध्याकाळ. अंतिम सामना, समोर सेरेना विल्यम्स. जिच्यामुळे वडिलांनी रॅकेट हातात दिली, तीच. पहिला सेट ६–२ ओसाकाचा. दुसऱ्यात सेरेनाला आधी प्रशिक्षकाच्या खुणांबद्दल ताकीद, मग रॅकेट आपटल्याबद्दल एका गुणाचा दंड, मग चेअर अंपायर कार्लोस रामोस यांना चोर म्हटल्याबद्दल पूर्ण एका गेमचा दंड. त्याची चर्चा तेव्हा भरपूर झाली, आणि त्या चर्चेत जिंकलेली मुलगी बाजूलाच राहिली. ती ६–२, ६–४ जिंकली. जपानला एकेरीतलं पहिलं ग्रँड स्लॅम मिळालं. आणि बक्षीस समारंभात वीस हजारांहून अधिक माणसं हुर्यो करत होती. हुर्यो अंपायरविरुद्ध, व्यवस्थेविरुद्ध होती, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं. पण मंचावर उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलीला ते कसं कळावं? तिने टोपीची झडप डोळ्यांवर ओढली आणि ती रडली. शेवट असा झाला याबद्दल तिने प्रेक्षकांची माफी मागितली. जिथे तिचं लहानपण गेलं त्या न्यूयॉर्कमध्ये, स्वतःच्या विजयाबद्दल.

जपानने तिला डोक्यावर घेतलं. ‘पहिली’ या शब्दाने वृत्तपत्रं भरून गेली. तसे दुहेरीत आणि मिश्र दुहेरीत जपानी विजेते आधी झाले होते. १९७५ मध्ये काझुको सावामात्सुने विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली ती ॲन कियोमुरा या जपानी वंशाच्या अमेरिकन मुलीबरोबर. १९९७ मध्ये, ओसाकाच्या जन्माच्या वर्षी, रिका हिराकीने फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली, तिचा जोडीदार आपला महेश भूपती. भारतीय खेळाडूच्या हाती आलेलं ते पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद. एकेरीचा मान मात्र ओसाकाचाच. जानेवारी २०१९ मध्ये तिने मेलबर्नला पेत्रा क्वितोव्हाला ७–६, ५–७, ६–४ असं हरवलं. दुसऱ्या सेटमध्ये हातातले तीन मॅच पॉइंट निसटले, ती टॉवेलखाली डोकं घालून बाहेर गेली आणि परत आली ती दगडासारखा चेहरा घेऊन. या विजयाने ती क्रमवारीत पहिली झाली. एकेरीत तिथवर पोहोचलेली आशियातली पहिली खेळाडू, स्त्री-पुरुष दोन्ही धरून.

त्याच महिन्यात तिच्या एका प्रायोजकाची, निस्सिन या नूडल्सच्या कंपनीची, चित्रमालिका-जाहिरात आली. तिच्यात ओसाका गोरी होती. केस पिंगट, कातडी फिकट. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने माफी मागून जाहिरात काढून टाकली. या कंपनीला ती हवी होती, कारण ती जपानी होती, आणि चित्र काढताना ती जपानी दिसावी म्हणून तिला तिच्यातूनच वगळलं गेलं. जपानीत मिश्र वंशाच्या माणसाला ‘हाफू’ म्हणतात. इंग्रजीतल्या ‘अर्ध्या’वरून आलेला शब्द. ओसाकाच्या आधी, २०१५ मध्ये, आरियाना मियामोतो ही कृष्णवर्णीय अमेरिकन बाप आणि जपानी आई असलेली मुलगी ‘मिस युनिव्हर्स जपान’ झाली तेव्हाही ही पुरती जपानी नाही म्हणून ओरड झाली होती. तिचा जन्म आणि बालपण जपानमधलं, भाषा अस्खलित, तरी. ओसाकाचं जपानी अडखळतं. पत्रकार परिषदेत ती प्रश्न जपानीत समजून घ्यायची आणि उत्तर बहुधा इंग्रजीत द्यायची. परदेशात वाढलेल्या कितीतरी मराठी मुलांचं असंच असतं. आजीचं सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. आपण त्यांना अर्धी मराठी म्हणतो का? म्हणत असू तर तो आपला कद्रूपणा आहे.

२०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. न्यूयॉर्कच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत पोहोचलेल्या ओसाकाने खेळणार नाही असं जाहीर केलं, आणि आयोजकांनी एक दिवस अख्खी स्पर्धा थांबवली. मग आली अमेरिकन ओपन. रिकामी स्टेडियम्स, कोविडचा काळ. तिने सात मुखपट्ट्या आणल्या होत्या, कारण अंतिम फेरीपर्यंत सात सामने असतात. प्रत्येकीवर अमेरिकेत मारल्या गेलेल्या एका कृष्णवर्णीयाचं नाव: ब्रिओना टेलर, एलायजा मॅक्लेन, अहमाउद आर्बेरी, ट्रेव्हॉन मार्टिन, जॉर्ज फ्लॉइड, फिलांडो कॅस्टील, तामिर राइस. सातही दाखवायच्या तर जिंकत राहायला हवं होतं. अंतिम सामन्यात व्हिक्टोरिया अझारेंकाने पहिला सेट ६–१ असा घेतला. ओसाकाने पुढचे दोन ६–३, ६–३ घेतले.

जपानचा पासपोर्ट निवडून वर्षही झालं नव्हतं आणि ती अमेरिकेतल्या मृतांची नावं तोंडावर बांधून खेळत होती. या प्रश्नाशी जपान्यांचा काय संबंध, असं तिथे काहींनी विचारलं. माझ्या मते त्या सात मुखपट्ट्यांत तिचं सगळं उत्तर होतं. तिने देश निवडला होता, पण त्या निवडीने वडिलांच्या बाजूचं आयुष्य पुसलं जाणार नव्हतं.

२३ जुलै २०२१ ला, वर्षभर लांबलेल्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात, फुजी पर्वताच्या आकाराचा चौथरा उलगडला, आणि लाल वेण्या घातलेली ओसाका मशाल घेऊन पायऱ्या चढली. ज्योत तिने पेटवली. हा मान याआधी कुठल्याच टेनिसपटूला मिळालेला नव्हता. पण तिच्या आत तेव्हा बरंच काही मोडलेलं होतं. दोनच महिन्यांपूर्वी पॅरिसला तिने पत्रकार परिषद घ्यायला नकार दिला, १५ हजार डॉलर दंड झाला, चारही ग्रँड स्लॅमनी मिळून हकालपट्टीचा इशारा दिला आणि तिने स्पर्धाच सोडली. २०१८ च्या अमेरिकन ओपनपासून आपण नैराश्याशी झगडत आहोत, हे तिने तेव्हा लिहिलं. म्हणजे सुरुवात त्या हुर्योच्या संध्याकाळपासून. ज्योत पेटवल्यावर चौथ्याच दिवशी ती तिसऱ्या फेरीत मार्केता व्होंद्रोशोव्हाकडून ६–१, ६–४ अशी हरली. झेंडा हातात दिलेल्यांपैकी काहींना तिचं अडखळतं जपानी पुन्हा ऐकू यायला लागलं.

झेंड्याचं नातं प्रत्येकीसाठी असंच असतं असं नाही. मॉस्कोत जन्मलेली एलेना रिबाकिना २०१८ मध्ये कझाकस्तानकडे गेली, कारण तिथल्या संघटनेने खर्च उचलला. चार वर्षांनी विम्बल्डनने रशियन खेळाडूंना बंदी घातली, आणि त्या वर्षी विजेती ठरली रिबाकिना. सरळ व्यवहार, आणि त्यात गैर काहीच नाही. ओसाकाचं ओझं जड झालं, कारण तिच्या बाबतीत व्यवहार सोडून बाकी सगळं त्यात गुंतलेलं होतं: आजोबांचा राग, आईचं आडनाव, वडिलांचा रंग.

नंतरची वर्षं दुखापतींची, विश्रांतीची आणि परतीची. २०२३ मध्ये तिला मुलगी झाली. २०२४ च्या आरंभी ती ब्रिस्बेनला परतली. पॅरिसच्या लाल मातीवर, जिथे तिचं कधी जमलं नाही, तिथे इगा श्विऑन्तेकविरुद्ध मॅच पॉइंटपर्यंत पोहोचून हरली. आपल्या आयुष्यातला त्या मातीवरचा सर्वोत्तम सामना खेळून हरली, असं मी म्हणेन. २०२५ मध्ये ती माँट्रियालच्या अंतिम फेरीत होती, आणि पाठोपाठ अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत. माँट्रियालला तिला हरवलं ते अठरा वर्षांच्या व्हिक्टोरिया म्बोकोने. म्बोकोचे आईवडील काँगोचे, तिचा जन्म अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातला, आणि नावापुढे अक्षरं कॅनडाची.

ओसाकाची मुलगी अमेरिकेत जन्मली, अमेरिकन बापाच्या पोटी. १९८५ च्या सुधारणेमुळे जपानी आईच्या अशा मुलालाही जन्मतः जपानचं नागरिकत्व मिळतं. फक्त परदेशात जन्म झाला असेल तर तीन महिन्यांच्या आत वकिलातीत जन्माची नोंद करून, जपानी नागरिकत्व राखून ठेवायचं आहे असं त्या अर्जावर लिहून द्यावं लागतं. जपानच्या वकिलातीतून मिळणाऱ्या जन्मनोंदीच्या अर्जावर त्यासाठी एक रकाना आहे. त्यात आईने किंवा वडिलांनी सही करायची असते.